विजेचा डोळा

नव्या प्रेसचा दट्ट्या खाली येईना. पायडल दाबून दाबून हंबीररावाचा पाय भरून आला. चौसष्ट सालचा दसरा होता. सांगलीच्या त्या कारखान्यात पत्रा कापून मुहूर्ताचा पहिला वायसर पडायला हवा होता.

"जावई रुसलाय," हंबीरराव म्हणाला. पुण्याहून आल्यापासून सगळे त्या मशीनला जावईच म्हणत. खर्चिक, आणि कामाला हात लावायचा नाही.

मालक भाऊसो बाजूला उभे होते. या प्रेसला विजेचा डोळा आहे, मध्ये काही आलं की दट्ट्या थांबतो, हे त्यांनी महिनाभर सांगून पाहिलं होतं. तरी कोणी हात घातला नव्हता. सगळे मोहिद्दीनकडे बघत. पत्रा सरकवण्यात त्याच्या तोडीचा कारागीर नव्हता, आणि जुन्या प्रेसखाली त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो बसला तर बाकीचे बसतील. नाहीतर मशीन उद्या परत जाणार होतं, आणि सगळे पुन्हा जुन्या प्रेसखाली हात घालणार होते.

मोहिद्दीन वाकला. हमाल अर्जुनाने काल पूजेत मशीनला झेंडूची माळ घातली होती. तिचं एक फूल सुटून विजेच्या डोळ्यापुढे लोंबत होतं. मोहिद्दीनने ते बाजूला धरलं. हंबीररावाने पायडल दाबलं. दट्ट्या निघाला. मोहिद्दीनने फूल सोडलं. दट्ट्या अधांतरी थबकला.

मोहिद्दीनने तीनदा तसंच करून पाहिलं.

"फुलावर पडत न्हाई, त्यो हातावर कशाला पडंल?" तो म्हणाला.

त्याने माळ काढली, स्टूल ओढलं आणि उजवा हात साच्यावर ठेवला. मग हंबीररावाला उठवून त्याने अर्जुनाला बोलावलं. अर्जुना नऊ वर्षं नुसत्या पाट्या वाहत होता. मालकांनी दोनदा बढती देऊ केली, तरी पायडलला त्याने पाय लावला नव्हता. आताही तो मागे सरला.

"ये रं गड्या. दाब."

अर्जुनाने पाय ठेवला, डोळे मिटले आणि दाबलं. कारखान्यात कोणी हललं नाही. दट्ट्याही हलला नाही.

"डोळं उघड, लेका. हात हाय जाग्यावर."

नऊ वर्षांपूर्वी मोहिद्दीनची ती दोन बोटं गेली, तेव्हा जुन्या प्रेसच्या पायडलवर अर्जुनाचा पाय होता.