चिडीचूप काकांचा नियम

भाऊ पुन्हा उठू लागला तसं ताईनं त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली ओढलं.

"बस रे जरा," ती पुटपुटली.

तो बसला. पाय मात्र बसले नाहीत. बाक कुरकुरायला लागला. पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इस्पितळातून घरी आल्यापासून तो खोलीबाहेर पडला नव्हता. कानात येणारे आवाज थांबले होते, पण नव्या गोळ्यांमुळे पाय स्वस्थ राहत नव्हते. औषध बदलेपर्यंत थोडी कळ काढा, असं डॉक्टर म्हणाले होते. आज त्यानं आपणहून दाढी केली आणि म्हणाला, "प्रार्थनेला जाऊ." इथून कुणी हाकललं, तर तो घरी जाऊन पुन्हा कडी लावून घेईल, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इस्पितळात नव्हे, नोकरीसाठी परगावी होता, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

आणि इथं नियम असा, की प्रार्थना सुरू झाली की कुणी जागचं हलायचं नाही. नियम सांभाळायला चिडीचूप काका होते. खोकल्याची उबळ आलेल्या स्वतःच्या बायकोलाही त्यांनी एकदा नुसत्या डोळ्यांनी दार दाखवलं होतं. काकूंनी त्यावर घरी गेल्यावर काय दाखवलं, ते कुणाला कळलं नाही.

भाऊ परत उठला. शर्टाची शिवण टर्रकन उसवली. पुढे चाललेलं प्रार्थनेचं वाचन थांबलं. काका पुढून सावकाश चालत आले.

"काय होतंय याला?"

"पायाला मुंग्या आल्यात, काका," ताई घाईघाईनं म्हणाली. "आम्ही निघतोच."

"मुंग्या नाहीत," भाऊ म्हणाला. "डोक्याच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. त्यानं बसवत नाही. उभं राहिलं, जरा फिरलं, की बरं वाटतं. पण मला इथं थांबायचंय."

इतके महिने झाकून ठेवलेलं त्यानं चारचौघांत उघडं केलं होतं. ताईला त्याचा राग आला, अगदी खरा राग.

"मग तसं सांगायचं की," काका म्हणाले आणि सगळ्यांकडे वळले. "उठा. आज प्रार्थना उभ्यानं."

बाक मागे सरकले. म्हातारे एकमेकांना धरून उठले. आया लेकरांना कडेवर घेऊन उठल्या. वाचन पुढे सुरू झालं. कुणी या पायावरून त्या पायावर भार टाकत होतं, कुणी जागच्या जागी झुलत होतं. त्यांच्यामधून भाऊ येरझारा घालत होता आणि कुणी वळून बघत नव्हतं.

अख्ख्या सभागृहात बसून राहिली होती, ती एकटी ताई.