घराण्याचं पान

ढुंढिराजशास्त्री, घरचे आप्पा, पंचवटीतले तीर्थपुरोहित. वंशावळीच्या त्यांच्या जुन्या वह्या मुलीने, आभाने, २००६ साली कम्प्युटरवर चढवल्या. कागदावर खोडलेलं दिसतं, फाइलमधून पुसलेलं दिसत नाही; म्हणून तिने प्रत्येक बदल तारखेसह आणि करणाऱ्याच्या नावासह आपोआप जपून ठेवणारी सोय बसवली. आप्पांना तिने टाइप करायला शिकवलं, ही सोय सांगायची मात्र राहून गेली.

दोन वर्षांनी एका दुपारी शौनकचा फोन आला. आप्पांशी भांडून घर सोडलेला तिचा भाऊ द्वारका चौकात बसमधून उतरून उभा होता.

"आभा, आपल्या घराण्याच्या पानावरून माझं नाव काढून टाकणार, असं आप्पा म्हणाले होते. काढलंय का, तेवढं बघ. काढलं असेल तर पुण्याची बस समोरच उभी आहे."

आभाने पान उघडलं. आप्पांच्या नावाखाली तिचं नाव होतं. त्याचं नव्हतं.

"बोल ना गं. ड्रायव्हर चढला बघ."

"थांब रे दादा, फोन ठेवू नकोस."

तिने घाईघाईने बदलांची यादी उघडली. ओळींमागून ओळी, प्रत्येक ओळीपुढे आप्पांचंच नाव. ती बोटाने मोजू लागली.

"काढलंय ना?"

"हो. एकवीस वेळा काढलंय."

 

"एकवीस वेळा?"

"म्हणजे वीस वेळा त्यांनीच परत लिहिलंय. रिक्षा पकड आणि घरी ये."