पगारी

"मार्चपासूनचा सगळा पगार टाका आणि स्टिअरिंग घेऊन जा," तो फोनवर ओरडला. "रविवारी रेस आहे. नुसत्या चार चाकांवर कशी पळवता तेच बघतो मी!"

रेसच्या गाडीचं स्टिअरिंग एका खटक्यात निघतं. ड्रायव्हर बसला की लावायचं, उतरला की काढायचं. त्याने ते काढलं आणि पिशवीत घालून सरळ घरी आणलं. आता ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून फडताळात पडलं होतं. टीम इतकी डबघाईला आली होती की दुसरं घ्यायचीही ऐपत उरली नव्हती.

पलीकडे होते टीमचे मालक. म्हणाले, "वडील बरे आहेत ना?"

"विषय बदलू नका!" म्हणून त्याने फोन आपटला.

दर वेळी हेच. पगाराचं नाव काढलं की वडिलांची विचारपूस! बोलणं गुळासारखं आणि खिसा शिवलेला.

मेकॅनिक त्याला 'पगारी' म्हणायचे. त्या धंद्यात बहुतेक पोरं बापाच्या जिवावर गाडीत बसतात. बापाने टीमला पैसे मोजायचे आणि चिरंजीवांनी हेल्मेट काखेत मारून फोटो काढायचे. याचं मात्र उलटं होतं. याला टीमच पगार द्यायची, महिन्याच्या महिन्याला, न चुकता. त्या नावाचा त्याला केवढा तोरा! "आम्ही कमावून बसलोय, मागून नाही," असं तो त्या श्रीमंत पोरांना तोंडावर ऐकवायचा.

आता तेच मेकॅनिक 'पगारी' म्हणताना खाली बघत.

घर बायकोच्या नोकरीवर रेटलं जात होतं. घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती.

"सोड ना आता," बायको म्हणाली. "पंपावर जागा आहे. बाबांच्या जागी त्यांनी अजून कुणाला घेतलेलं नाही."

"पगार वसूल केल्याशिवाय नाही. घर गेलं तरी चालेल. सोडला तर बाबाच खरे ठरतील."

एवढंच तर दुखणं होतं त्याचं. बापाचं गॅरेज होतं. बाप आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली झोपला, पण पोराच्या गाडीकडे कधी धड बघितलं नाही. "गोल गोल फिरायचे पैसे कोण देतं रे? पगार आण, मग तुला ड्रायव्हर म्हणतो." टीमने घेतलं तेव्हा याने पगाराची पहिली चिठ्ठी बापाच्या नाकासमोर नाचवली होती. म्हाताऱ्याने चष्मा पुसून ती सावकाश वाचली आणि म्हणाला, "बरं झालं, ड्रायव्हर."

पुढे गुडघे धरले म्हणून म्हाताऱ्याने गॅरेज विकलं. इथवर ठीक होतं. पण घरी गप बसेल तर शपथ! तेच गुडघे घेऊन पेट्रोल पंपावर उभा राहायला लागला.

"रेसरचा बाप पंपावर? लोक माझ्या तोंडात शेण घालतात, बाबा! माझा पगार काय जाळायचाय?"

"तुझा पगार तुला लखलाभ," म्हातारा म्हणाला. "मी माझं बघतो."

त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं ते एवढंच. महिना लागला की म्हातारा विचारायचा, "पगार झाला?" हा म्हणायचा, "झाला." मेला तरी याचा माझ्यावर विश्वास बसायचा नाही, असं त्याला वाटायचं आणि आतून जळायचं.

म्हातारा पंपावरच कोसळला. याने टीमला ताप आलाय म्हणून कळवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत जाऊन बसला. त्याच्या सीटवर डोळा ठेवून बसलेले थोडे नव्हते. आणि खरं सांगायचं तर 'बाबा गेले' हे शब्द त्याच्या तोंडून निघतच नव्हते. हेल्मेटच्या आत मात्र तो ढसाढसा रडला होता.

शनिवारी संध्याकाळी मालक स्वतःच दारात उभे राहिले. जिना चढून धाप लागलेली, कॉलर विरलेली. बायकोने पाणी दिलं.

"आडातच नाही रे, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मालक म्हणाले.

"मग आड बुजवा! माझा घाम फुकटचा नाही."

"चांगला चालवतोस तू. त्याबद्दल दुमत नाही."

"मग द्या ना पैसे!"

मालकांनी रुमालाने मान पुसली. "इतके महिने मी तुझी सीट दुसऱ्या कुणाला दिली नाही. एवढं तरी धर की रे."

"उपकार केलेत? राबवून घ्यायचं, पैसे बुडवायचे, आणि वर उपकार?" त्याचा आवाज फाटला. "मला भीक नको. मी पगारी माणूस आहे. माझ्या हक्काचं तेवढं द्या आणि ते स्टिअरिंग घेऊन चालते व्हा."

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. "वडिलांना जरा बाहेर बोलाव. मी त्यांच्याशीच बोलायला आलोय."

"माझ्या पगाराचं त्यांच्याशी काय बोलणार तुम्ही?"

"बोलाव रे. फोनही उचलत नाहीत ते."

तो फडताळाकडे वळला. बायकोच पुढे झाली. "बाबा वारले, साहेब."

मालकांच्या हातातला पेला तसाच राहिला. "केव्हा?"

"मार्चमध्ये."

मालकांनी पेला हळूच खाली ठेवला. त्यांनी पगारीच्या तोंडाकडे बघितलं.

"तरीच," ते म्हणाले. "मार्चपासून तुझा पगार आमच्याकडे आलाच नाही."