चौदा पोती

"सही मिळणार नाही," साहेब म्हणाले आणि हिरव्या शाईचं पेन त्यांनी परत खिशाला लावलं.

समोर राडारोडा केंद्राची मालकीण उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणायची पद्धत साहेबांकडे नव्हती. तिच्या केंद्रात पाडलेल्या भिंती आणि फुटक्या फरशा दळून रस्त्याचे ब्लॉक बनत. परवानगी मात्र फक्त ट्रकभर मालाची होती. ज्याच्या घरी मोरी फोडून दहा पोती निघतात, त्याने ट्रक कशाने भरायचा? तो पोती नाल्यात ढकलून मोकळा होतो. तिला छोटा टेम्पो दारोदार फिरवायचा होता, पोत्यामागे एका चहाएवढे पैसे घेऊन. त्या एका सहीसाठी हा तिचा सातवा फेरा. या महिन्यात सही झाली नाही तर केंद्राला टाळं लागणार होतं.

"लोकांना सोय नको असते, दंडुका लागतो," साहेब म्हणाले. "कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होतं का कधी?"

त्यांनी मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे साहेबांची शिकार मांडून ठेवली होती: नावाची अर्धी पाटी, घरनंबर लिहिलेला स्विचबोर्ड, पोपटाचं चित्र असलेली फरशी. चोरून टाकलेल्या राडारोड्यात काठी खुपसून घरमालक हुडकण्यात साहेबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सापडला की त्याचं नाव कचेरीबाहेरच्या फळ्यावर महिनाभर. नाव लागलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी लाजेने घराबाहेर पडणंच सोडलं. ही गोष्ट साहेब जेवताना रंगवून सांगत.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. घरी स्वयंपाकघराची भिंत पाडायचं काम चालू होतं.

"चौदा पोती? मग मला काय विचारतेस?... छे, केंद्रात चौदा पोती घेत नाहीत... मिस्त्री बघेल ना. संध्याकाळी मला घरात एकही दिसता कामा नये. आणि कुठे टाकली तेही सांगू नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांचं समोर लक्ष गेलं. मघापासून ती बाई त्यांच्या लेखी टेबल-खुर्चीतच जमा होती.

"अजून इथेच?"

ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत निनावी फोन आला. शाळेमागे, नाल्याच्या काठावर कुणीतरी राडारोडा टाकला होता. साहेबांना उकळ्या फुटल्या. त्यांनी दोन पत्रकार बोलावले.

"त्या केंद्रवालीलाही बोलवा," ते शिपायाला म्हणाले. "दंडुका कसा चालतो ते बघू दे."

ती आली. टेम्पो घेऊनच आली.

काठावर बारा-पंधरा पोती पडली होती, काहींची तोंडं सुटलेली. सगळ्यात वर, ताटात वाढावा तसा, गिलाव्याचा एक मोठा तुकडा होता.

"बघा ही माणसं," साहेब कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले. "घर चकचकीत, आणि घाण शाळेच्या दारात. लाज विकून खाल्लेली जात. पण भिंत बोलते. माझ्याशी तर हमखास बोलते."

त्यांनी तुकडा उचलला, रुमालाने धूळ पुसली. "हे पाहा, यावर हिरव्या शाईने..."

आणि ते थांबले.

तुकड्यावर एकावर एक रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षर. चार वर्षं, बाबांच्या पट्ट्याएवढी. पाच वर्षं, पट्ट्याच्या वर. सहा वर्षं, खिशातलं पेन काढते.

"काय लिहिलंय, साहेब?" पत्रकाराने विचारलं.

"काही नाही. डाग आहेत." तुकडा त्यांनी छातीशी धरला, लिहिलेली बाजू आत. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बाकीच्या पोत्यांत बघू का?" दुसरा पुढे सरकला.

"नको. शाळा सुटेल, पोरं येतील." ते केंद्रवालीकडे वळले. "अहो, हे आत्ताच्या आत्ता उचला."

'अहो' हा शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"उचलते की. पण छोट्या टेम्पोला परवानगी नाही, साहेब."

"कागद आणलाय?"

"तीन महिने पिशवीतच आहे."

टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. हिरवी, नेहमीसारखी ऐटबाज. मग गिलाव्याचा तुकडा शर्टाच्या आत सारून, पोटावर हात धरून ते गाडीत बसले. अपचन झालेल्या माणसासारखे दिसत होते, आणि त्यांना ते शोभत होतं.

टेम्पो केंद्रात शिरला. आत फरशांच्या थप्पीवर साहेबांची बायको वाट बघत बसली होती.

"झाली सही?"

केंद्रवालीने कागद उलगडून दाखवला.

"आणि आमच्या लेकीचा तुकडा?"

"शर्टात घालून नेला त्यांनी."

"नेऊ दे. तो घरीच हवाय मला." ती उठली, पदर खोचला आणि टेम्पोत डोकावली. "आता मोजून घ्या बाई. काल मी आणून दिलेली चौदाच आहेत ना?"