आईचं नाव

१९९४ साली वसमतच्या बसस्टँडवर चुकलेली चार वर्षांची निता बालगृहात आली, तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. आईचं नाव विचारलं की ती रडत ‘याडी’ म्हणायची. परजिल्ह्यातून आलेल्या अधीक्षकांनी तेच नाव लिहून घेतलं आणि तीन वर्षं याडी नावाच्या बाईचा शोध चालला.

मग जवळच्या तांड्यावरची पंचफुलाबाई तिथे स्वयंपाकाला लागली.

“साहेब, हे नाव न्हाई. आमच्या बोलीत आईलाच याडी म्हंतेत,” ती म्हणाली. तिनेच निताचा फोटो तांड्यातांड्यांवर फिरवला. महिन्याभरात आई सापडली.

दारातून धावत येऊन आईने लेकराला उराशी कवटाळलं आणि रडत रडत ती आपल्या बोलीत बोलतच राहिली.


निताने घाबरून पंचफुलाबाईचा पदर धरला. “मावशी, ही बाई काय बोलून राहिली?”