पाच खुणा

धार लावून आणलेले स्केट्स. लाल दोरीत ओवलेले दोन खिळे, बर्फ फुटलाच तर कडेला रोवून वर यायला.

नऊ हजार चारशे सोळा.

कागद गिरणीचं कोमट पाणी तळ्यात सोडणारा पाइप.

क्रीम भरलेले दोन गोड पाव, बशीखाली झाकून ठेवलेले.

"कोर्पनेसजवळचा बर्फ कच्चा."

तोर्ग्नीने मथळा वाचला. बातमी उघडली नाही.

उघडायची गरजच नव्हती. मागच्या फेब्रुवारीत, याच वर्तमानपत्रात, अगदी हाच मथळा होता. त्याने तो चाळीस सेकंदांत शोधला, पुरावा म्हणून खाली चिकटवला आणि खूण केली : जुनं.

ढिगावर असंच चाले. ढीग म्हणजे गावाची साइट. कुणीही बातमी टाकावी, बाकीच्यांनी मतं द्यावीत, मतं मिळतील तशी ती वर चढावी. आधी येऊन गेलेलं कुणी परत टाकलं तर त्यावर 'जुनं' अशी खूण करायची. पाच खुणा झाल्या की बातमी पानावरून नाहीशी. तोर्ग्नीने अकरा वर्षांत नऊ हजार चारशे पंधरा बातम्या पकडल्या होत्या. ही नऊ हजार चारशे सोळावी. त्याची पहिली खूण पडली की उरलेल्या चार पडायला वेळ लागत नसे. तोर्ग्नी जुनं म्हणाला म्हणजे जुनं. मग आत कोण डोकावतंय?

बातमी टाकणारा सिक्सतेन४१. तीन दिवसांपूर्वी आलेला.

"एकदा उघडून बघ," त्याने लिहिलं. "ही कालची आहे. गिरणीने पाइप पुन्हा सुरू केलाय."

"नवा आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, आजोबा," तोर्ग्नीने उत्तर दिलं.

त्या ओळीला बावीस मतं पडली. सव्वादहाला त्याने पान पुन्हा पाहिलं. बातमी गेली होती.

तूवा ही त्याची मुलगी. आई घर सोडून गेली त्या हिवाळ्यात तिने ढिगावर खातं उघडलं. स्वतः कधी काही टाकलं नाही. पण तोर्ग्नीने बातमी टाकली की खाली पहिलं मत बहुतेक तिचं असे. कुणी दारावर टकटक करून न थांबता निघून जावं, तसं त्याला वाटे. फोन महिन्यातून एखादा.

आज आला. दहा वाजून वीस मिनिटांनी.

"बाबा, अजून ढिगातच बसलायस ना?"

"कुणीतरी बसायला नको? कुठे आहेस?"

"धक्क्यावर. तळ्यावरून कोर्पनेसच्या टोकाला वळसा घालून एक वाजता तुझ्याकडे. पाव आणलेस?"

"दोन. उशीर केलास तर दोन्ही माझे."

"आधी पोट बघ आरशात."

तो हसला. मग कोर्पनेस या नावापाशी जरा अडखळला.

"तिथलीच एक जुनी बातमी आज कुणीतरी परत टाकली होती. बर्फ कच्चा म्हणून."

"माहितीय."

"मागच्या वर्षीची."

"हो रे बाबा. मला काय सांगतोस?"

"खिळे घेतलेस?"

"गळ्यात आहेत. चल, ठेवते. बोटं गारठली."

एक वाजता त्याने कप मांडले. दीड वाजता कॉफी ओतून टाकली आणि नवी केली. दोन वाजता तिला फोन लावला. अडीचला परत लावला. त्यानंतर तो खिडकीशी उभा राहिला.

सव्वातीनला दारात दोन पोलिस. टोप्या हातात.

कोर्पनेसजवळ चार बोटं बर्फ होता आणि पाइपच्या बाजूला जेमतेम अर्धं बोट. वर रात्रीचं हिम भुरभुरलेलं, त्यामुळे सगळं सारखंच पांढरं. ती पडली त्या भोकाच्या कडेवर खिळ्यांचे सतरा ओरखडे होते. पोलिसबाईने ते मोजले होते आणि न विचारता सांगून टाकले. नंतर तिला ते सांगितल्याचं वाईट वाटलं असावं, कारण ती बशीखालच्या पावांकडे बघत राहिली.

"गिरणीने परवाच कळवलं होतं म्हणे," दुसरा म्हणाला. "पेपरातही आलं होतं. गावात कुणी वाचलंच नाही का?"



ते गेल्यावर त्याने बातमी शोधली. पानावर नव्हती, पण त्याने केलेल्या खुणांच्या यादीत सापडली. त्याने ती पहिल्यांदाच उघडली. वर शनिवारची तारीख. गेल्या उन्हाळ्यापासून बंद असलेला दुसरा पाइप सुरू झाल्याचं. उत्तरेकडच्या बाजूला कुणीही पाऊल टाकू नये, असं. चौदा ओळी. वाचायला एक मिनिटही लागलं नाही.

खाली सिक्सतेन४१ ने दुपारी आणखी एक ओळ लिहिली होती. "मी त्या पाइपवर तीस वर्षं काम केलंय."

तिला एकही मत नव्हतं. तोर्ग्नीने दिलं.

ढिगावर खुणा करणाऱ्यांची नावं क्रमाने राहतात. पहिलं त्याचं.

दहा वाजून बारा मिनिटांनी, धक्क्यावर गाडी लावून, स्केट्स बांधायच्या आधी, पाचवी खूण तूवाने केली होती.