मधलं पाणी

पूर ओसरला म्हणून बाळाबाई फडक्यात भाकरी बांधून काठावर आली, आणि बघते तर काय, नदी जाग्यावर नव्हतीच! पात्रभर नुसता गाळ नि वाळू, थेट पल्याडच्या झोपडीपर्यंत. दारात तिचा गेनू उभा होता.

वेल्ह्याच्या बाजारात वेठबिगारीविरुद्ध चार शब्द बोलला, म्हणून दोन वर्षांमागं संस्थानानं गेनूला हद्दपार केलं होतं. परत पाऊल टाकलंस तर तुरुंग, असा हुकूम. हद्द म्हणजे नदीची धार. अल्याड संस्थान, पल्याड इंग्रजी मुलूख. मग पोरानं पल्याडच झोपडी घातली, आणि मधे ना उतार ना नाव, म्हणून मायलेकरं पाण्यावरून ओरडून बोलायची; भाकरी कुणा पोहणाऱ्याच्या हाती जायची. निम्मं बोलणं ती मेली नदीच गिळायची. तरी बाळाबाई दर पुनवेला तिची ओटी भरायची आणि एकच मागायची: बाई गं, एवढं मधलं पाणी काढ.

काढलं की हो नदीनं! म्हातारीचा आनंद पोटात माईना. गुडघाभर गाळात रुतत, पडत ती पल्याड पोचली. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. किती वाळलं होतं पोर! उत्रोलीच्या बहिणीकडच्या तांदळाची भाकरी, तिचा पहिला घास तिनं आपल्या हातानं भरवला.

गेनूनं तिचा हात धरला. "आये," तो म्हणाला, "झोपडीमागं बघ."

मागून पाण्याचा आवाज येत होता. जुनं पात्र गाळानं बुजलं, तशी नदी झोपडीला वळसा घालून पलीकडून फुटली होती. तांबडी, फेसाळ, हत्ती बुडेल एवढी.

तेवढ्यात दोन शिपाई घेऊन पोलीस पाटील सावळाराम गाळ तुडवत आले. त्यांना म्हातारीकडं बघवेना.

"काकी, हुकमात लिवलंय, हद्द म्हंजी धार. धार आता तिकडं गेली. गेनू संस्थानात हाय."

"आवं, पर त्यो जागचा हलला न्हाई!"

"दिसतंय की मला. पर म्या काय करू?"

शिपायानं बेडी काढली. बाळाबाईनं पदर खोचला आणि गेनू नि शिपायांच्या मधे दोन्ही हातांनी गाळ उपसायला लागली.

"वाईच थांबा, पाटील," ती धापा टाकत म्हणाली. "हितं खाली पानी हाय. आत्ता लागंल."